झुलाल आबांचं कोपरभर पाणी

“उनात रे, उनात! आखा तलाव वर उना! टोपल्या आना, पाट्या आना! झोपी काय ऱ्हायनात मेल्याहो, मासा चालत दारशी उनात!”

‘आले रे, आले’ अशी ही हाक मंगलवहिनीची. तिची चहाची टपरी तलावाच्या बांधावर आणि माझं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये दोन देवळं, एक शाळा, साठ-सत्तर घोरणारी घरं. तरी तो आवाज माझ्या खाटेखाली शिरला आणि त्यानं मला गादीसकट उभं केलं. तिकडे तळोद्याच्या स्टँडवर डोंगरात जायला जीपमध्ये बसलेली माणसं खाली उतरली, असंही नंतर कळलं. कुणाकडून कळलं ते विचारू नका.

धावत बांधावर गेलो तर उजाडत होतं. पाण्यावर तोंडंच तोंडं. रोहू, कटला, मृगळ, चिलापी, सगळ्या जातगोतातले मासे पाण्याबाहेर ओठ काढून उघडमीट करत होते. हजार माणसांच्या पंगतीत सगळ्यांनी एकदम पहिला घास उचलावा तसं दिसत होतं. आणि गाव पाण्यात उतरायला निघालेलं. कुणी मच्छरदाणी आणली होती, कुणी नऊवारी, एकानं तर हेल्मेट आणलं होतं, मोटरसायकल नसताना.

तेवढ्यात दुसरी हाक आली.

“थांबा! कोनी हात लावू नका!”

सगळे थांबले. हुकूम पटला म्हणून नव्हे, तर तो आवाज कुणाच्या ओळखीचाच नव्हता म्हणून. झुलाल आबा ओरडू शकतात हे गावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आबा मांडीभर पाण्यात उभे होते, उजवा हात पाण्यात.

“मासा उनात नहीत,” आबा म्हणाले. आता आवाज पुन्हा नेहमीचा, म्हणजे शेजारच्यालाच ऐकू जाईल एवढा. “मासा मरी ऱ्हायनात.”

आता पुढचं सांगण्याआधी आबा कोण ते सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, मांडीभर पाण्यातला एक म्हातारा गावाला थांबवतो आणि गाव थांबतं, म्हणजे मी नेहमीसारखा वाढवून सांगतोय. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीत तांब्याची तार गुंडाळणं हा धंदा आणि साध्या गोष्टीला चार वेढे जास्त देणं हा स्वभाव. पण आबांच्या बाबतीत एकही वेढा जास्त देणार नाही. द्यायला गेलो तरी तो त्यांच्यावर बसत नाही, घसरतो.

आमचा तलाव रनाळ्याच्या पुढे. नकाशात शोधाल तर नखाएवढा. मच्छीमार सोसायटीची चौदा घरं त्याच्यावर जगतात. पावसाळ्याच्या तोंडाला बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची, वर्षभर सांभाळायची, मग जाळं टाकायचं. आबा त्या सोसायटीचे राखणदार. उंच, वाळका माणूस. हात मात्र असे लांब की उभ्या उभ्या गुडघा खाजवता यावा. उजवा हात कोपरापर्यंत एका रंगाचा आणि कोपराच्या वर दुसऱ्या रंगाचा. का, तर तो हात रोज पहाटे पाण्यात जायचा.

आबांची रीत अशी. पाण्यात उतरायचं, हाताचा पंजा उताणा करायचा आणि हात सरळ खाली सोडत जायचं. पाणी कोपराला लागेपर्यंत पंजा दिसत राहिला तर पाणी बरं. मनगटाशीच पंजा दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवं झालं, त्यात श्वास कमी. आणि खांद्यापर्यंत हात घालूनही बोटं चकचकीत दिसली तर पाणी उपाशी, माशाला खायला काही नाही. मग बोटं नाकाशी न्यायची. मग वारा कुठून आहे बघायचं. संपली तपासणी. सरकारी प्रयोगशाळेला एवढ्या कामाला तीन गाड्या आणि जेवणाचे डबे लागतात.

तिथून आबा टपरीवर यायचे. मंगलवहिनी फळ्यावर ‘आजचं पाणी’ लिहून खडू धरून तयार. आबा सांगणार, ती लिहिणार, फोटो काढणार, तो ग्रुपवर टाकणार. मग नंदुरबार, तळोदा, खांडबारा, जिथे म्हणून गळ टाकण्याचं वेड असलेली माणसं आहेत, तिथे कुणी मोटरसायकलला किक मारायचं, कुणी पुन्हा पांघरूण ओढायचं.

“कोपर दिसस. वारा शे. लागतीन,” एवढंच आबा सांगायचे. फार खूश असले तर “बरं शे” जास्तीचं.

मंगलवहिनीला ते पुरायचं नाही. एकदा तिनं आपल्या मनानं लिहिलं, ‘आज मासे नाचत आहेत, सहकुटुंब या.’ आबांनी ओल्या हातानं ते पुसून टाकलं.

“काय व्हयनं आबा? चार माणसं येतीन, च्या पितीन!”

“नाचताना मी दखं नही,” आबा म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते म्हणणं पुरेसं नाही. माणूस खोटं बोलायला निघाला तर त्याला आधी जरा जास्तीचे शब्द लागतात. आबांपाशी ते शिल्लकच नसत.

एकदा सुरतेहून एक साहेब आले. गाडीच्या डिकीत अर्धं दुकान. गळाच्या काठ्या सहा, टोप्या तीन, आणि पाण्यात सोडलं की टुकटुक वाजून खाली मासे किती ते दाखवणारं यंत्र. यंत्रावर ठिपकेच ठिपके. साहेब आनंदानं लाल.

“काका, यहां तो भरे पडे हैं!”

“शेतस,” आबा म्हणाले. “पन भूक नही त्यासले.”

साहेब दिवसभर बसले. दुपारपर्यंत गळाला एकच गोष्ट लागली, त्यांची स्वतःची पँट. पुढे एका मरळीनं ते यंत्रच गिळलं आणि आठवडाभर तिच्या पोटातून टुकटुक ऐकू येत होतं, असं मी लोकांना सांगतो. तेवढं सोडून द्या. संध्याकाळी आबा त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, “आते पाणी थंड व्हयनं. त्या बोरना खाले टाका.” तिसऱ्या मिनिटाला कटला! साहेबांनी आबांना मिठी मारली, मासा हातात देऊन फोटो काढायला लावला. तो फोटो टपरीत अजून आहे. त्यात मासा आहे, आबांचा चेहरा नाही. ते पूर्ण वेळ माशाच्या अंगावर ओंजळीनं पाणी टाकत खाली बघत होते.

आमच्याकडे चढणीच्या माशांची फार हौस. नाल्याला नवं पाणी आलं की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, आणि गाव काठ्या, टोपल्या घेऊन त्यांच्या स्वागताला. फार पूर्वीपासूनची चाल. आबांनी ती एकट्यानं मोडली. कसली सभा नाही, पाटी नाही. नाल्याच्या अरुंद जागी मधोमध एक धोंडा आहे, त्याच्यावर जाऊन बसले. भाकरी तिथेच, बिडी तिथेच. सोसायटीचे चेअरमन हिंमतभाऊ, गावातलं मोठं खातं, चाळीस एकरांचे धनी, टोपली घेऊन आले.

“आबा, सरका जरासा.”

“कोठे जाई ऱ्हायना भाऊ?”

“अंडावाला मासा लेवाले. तुमले बी देसू दोन.”

आबांनी विचारलं, “बायंतीनना खोलीमा घुसस का कोनी?”

हिंमतभाऊंच्या घरात त्याच आठवड्यात सून बाळंत झालेली. टोपली डोक्यावर उपडी घालून ते घरी गेले, पाऊस चुकवायला असं म्हणत. त्यानंतर चढणीला हात लावायची गावाला लाज वाटायला लागली. काही जण अजूनही लावतात, पण आबांच्या धोंड्याकडे पाठ करून.

माझ्यापुरतं एक सांगतो आणि बाजूला होतो. माझे वडील गेले त्या वर्षी मला घरात बसवत नव्हतं. दुकान बंद करून मी तलावावर जायचो, गळ टाकून बसायचो. गळाला काही लावलेलं नसायचं. कुणी बोलू नये एवढ्यासाठी ती काठी. आबा रोज यायचे, पाच हातांवर बसायचे, बिडी संपली की उठून जायचे. मला बोलका माणूस म्हणून सगळा जिल्हा ओळखतो, पण त्या दिवसांत कुणी ‘कसा आहेस’ विचारलं असतं तर मी पाण्यात उडी मारली असती. आबांनी विचारलं नाही. बाराव्या की तेराव्या दिवशी त्यांनी माझा गळ ओढून घेतला, कणकेची गोळी लावली, परत पाण्यात टाकला.

“आते लागी,” म्हणाले.

लागला. वीतभर चिलापी. मी आजवर तिला दहा किलोंपर्यंत नेऊन ठेवलंय.

तर असे आबा त्या सकाळी पाण्यात उभे होते, आणि गाव काठावर टोपल्या धरून. वैशाख संपत आलेला. पाणी तळाला गेलेलं, मटकीच्या पाल्यासारखं हिरवं. तीन दिवस आभाळ भरलेलं, वाऱ्याची झुळूक नाही. अशा वेळी रात्रीतून पाण्यातला श्वास संपतो, पहाटे मासा वर येऊन हवा गिळतो. गाव त्याला लक्ष्मी समजलं होतं.

हिंमतभाऊ पुढे झाले. “आबा, मरनारच शेतस तं मरू काब्र देवाना? धरी लेऊत. आज बाजार शे.”

“धरशी किती? टोपल्या भरतीन, बाकीना सडतीन. निम्मा तं वीतभर बी नहीत अजून. दिवाईलोंग हातभर व्हतीन त्या.” आबांनी पाण्यातला हात वर काढला. मनगट बुडायच्या आतच पंजा दिसेनासा झाला होता. “चौदा घर शेतस, भाऊ. वरीसभर काय खातीन?”

“मंग करानं काय?”

“पाणीले दम लागेल शे. ऊन पडनं की ते आपलं आपलं सावरी. तोवर त्याले वारा घाला. हालवा, उडवा, झोडपा.”

मी आजवर बरीच युद्धं सांगितली आहेत, त्यातली बरीचशी झालेली नाहीत. हे झालं. टोपल्या काठावर पडल्या आणि माणसं निंबाच्या फांद्या, काठ्या, ताटल्या घेऊन पाणी झोडपायला लागली. काठाकाठानं अख्खं गाव. म्हाताऱ्या बायका पायऱ्यांवर बसून तांब्यानं पाणी वर उडवत होत्या. मंगलवहिनी चहाच्या पातेल्याच्या झाकणानं पाण्याला अशी मारत होती की जन्माचं वैर फिटावं.

आबा मला म्हणाले, “इंजिनं आन.”

वीज नव्हती, आमच्याकडे पहाटे कधीच नसते. पण माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेली, पाणी उपसायची तीन डिझेल इंजिनं होती. तिन्ही टेम्पोत टाकून आणली, तलावाचं पाणी उचलून तलावातच उडवायला लावली. एक खांडबाऱ्याच्या गिऱ्हाइकाचं होतं. त्याला मी अजून सांगतो की त्या दिवशी ‘टेस्टिंग’ चालू होतं.

तीन पुरणारी नव्हती. मोठी इंजिनं रमणभाईंची. त्यांच्या आजोबांनी गुजरातेतून येऊन इथं मळा केला, तेव्हापासून तलावाच्या पश्चिमेला त्यांची केळी. पाणी उपसण्यावरून आबांचं आणि त्यांचं महिनाभर बोलणं बंद होतं. आबा पाण्यातून बाहेर आले आणि तसेच ओले, निथळत त्यांच्या बांधावर जाऊन उभे राहिले.

“रमणभाई, इंजिन चालू करा. पन पाणी केयले नका दऊ, वर उडवा. तलावमाच पडू द्या.”

“अरे आबा! आजे मारी केळनी पाळी छे! सुकाई जशे!”

“केय उद्या बी पिई,” आबा म्हणाले. “मासाले उद्या नही.”

रमणभाईंनी आबांकडे पाहिलं, केळीकडे पाहिलं, देवाचं नाव घेतलं आणि पाइपाचं तोंड वळवलं. पाइपाखाली फळी लावून धार अशी उंच उडवली की वरून जाणारे बगळे आंघोळ करून गेले. महिनाभराचं भांडण कुणी मिटवलं नाही. इंजिनाच्या आवाजात ते ऐकूच येईना, एवढंच.

आणि ऐन लढाईत हिंमतभाऊ आपल्या सात म्हशी घेऊन हजर! चेअरमन माणूस, मागे कसा राहील? “हाला, हाला, सगळं पाणी ढवयी टाकतीस!” म्हणत त्यांनी म्हशी पाण्यात लोटल्या. म्हशींना काय, सकाळी सकाळी बोलावणं आलेलं. त्या खोल जाऊन बसल्या. आबा अर्धवट पोहत, अर्धवट पळत आले.

“म्हशी काढ! भाऊ, म्हशी काढ पह्यले! खालना सडेल गाळ वर यी, पाणी आखो खराब व्हई! वरनं हालवानं शे, खालनं नही!”

सात म्हशींना थंड पाण्यातून उठवणं म्हणजे सात सरकारी कर्मचाऱ्यांना दुपारच्या झोपेतून उठवणं. हिंमतभाऊ एकेकीची शेपूट धरून ओढत होते. शेवटची म्हैस बाहेर आली तेव्हा ते तिला अहो-जाहो करत होते.

दिवस वर आला, पण ढगांच्या मागे. ऊन नाही. हात भरून आले. एकेक जण फांदी टाकून काठावर बसायला लागला. पूर्वेला पाण्यावर झुकलेल्या बोरीखाली मासे कुशीवर वळायला लागले, पांढरी पोटं दिसू लागली. कुणी ‘आता पुरे’ म्हणालं नाही, पण टोपल्यांकडे बघितलं जात होतं. आबा छातीभर पाण्यात उभं राहून एकटे दोन्ही हातांनी पाणी वर फेकत राहिले, ओंजळ ओंजळ. एवढ्या तलावाला एक ओंजळ. बघवेना म्हणून मंगलवहिनीनं पुन्हा झाकण उचललं. मग रमणभाई धोतर खोचून स्वतः उतरले. मग सगळे.

ढग किती वेळानं फाटला ते माझ्यासारख्याला विचारू नका, मी तीन दिवस सांगेन. पण ऊन पडलं. पाठोपाठ पश्चिमेकडून वारा आला, पाण्यावर काटा फुलला. आणि तोंडं कमी व्हायला लागली. आधी मधली, मग काठाची. तलाव पुन्हा नुसतं पाणी झाला.

लोक नाचले. मी पण. हिंमतभाऊंनी एका म्हशीचा मुका घेतला. आबा तेवढे टोपली घेऊन बोरीखाली गेले आणि मेलेले मासे एकेक उचलू लागले. फार नव्हते. मी मदतीला गेलो तर त्यांनी हातानंच ‘राहू दे’ केलं. टोपली घेऊन ते शेताच्या बांधापलीकडे गेले, खड्डा केला, आणि तासाभरानं टपरीवर आले. मंगलवहिनी खडू घेऊन उभी.

“काय लिखू आबा? आज तं मोठं लिखाना दिन शे!”

“लिख, आज कोनी येवू नका. मासा दमेल शेतस.”

दिवाळीला चौदा घरांनी जाळं टाकलं. हातभर कटले निघाले. यात माझा एक इंचही नाही, कुणालाही विचारा.

त्यानंतर आबांचे गुडघे पार गेले. पाण्यात उतरवेना. लेक खांडबाऱ्याला दिलेली, ती येऊन घेऊन गेली. नंदुरबार स्टेशनवर सोडायला मी गेलो होतो. चौदा घरांनी मला पाठवलं होतं, तू बोलका, आमच्या सगळ्यांच्या वतीनं नीट बोल म्हणून. मी रस्ताभर भाषण जुळवलं. त्यात समुद्र होता, भीमाची गदा होती, आणि तीन लाख माशांचे आशीर्वाद होते.

गाडी आली. लेकीनं आबांना खिडकीशी बसवलं. ते हात मांडीवर ठेवून बाहेर बघत होते. कोपराखालचा रंग आता वरच्यासारखाच झाला होता. मी खिडकीचे गज धरले, आणि जुळवलेलं सगळं गेलं. राहिलं ते एवढंच बोललो.

“आबा, त्या दिन तुम्ही व्हतात म्हनीसन तलाव वाचना. सगळ्यासनी सांगेल शे, तुमना उपकार फिटाऊ नहीत.”

गाडी हलली. मी बरोबर चार पावलं चाललो.

“बोरना खालना मासा गयात ना. त्या दिन माले उठाले उशीर व्हयना,” आबा म्हणाले.